जुन्या मोटारगाडीतील थरथरीचे निदान : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : संग्रामपूर तालुका, जि. बुलडाणा)

सारांश :

मोटारगाडीचा इतिहास सामान्यतः कारखाने, उद्योगपती आणि नवनवीन गाड्यांच्या आधारे लिहिला जातो. गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर वीस-तीस वर्षे तिला रस्त्यावर टिकवून ठेवणाऱ्या मिस्त्रीच्या ज्ञानाची नोंद मात्र फारशी झालेली नाही. प्रस्तुत शोधनिबंधात जुन्या गाडीतील वारंवार उद्भवणारी थरथर किंवा लटपट हा एकच दोष घेऊन त्याच्या निदानाची पद्धत कशी घडत गेली याचा मागोवा घेतला आहे. बैलगाडीचे चाक, १९२० च्या दशकातील पाश्चात्त्य संशोधन, स्वातंत्र्योत्तर भारतातील जीप व पद्मिनी आणि संग्रामपूर परिसरातील प्रत्यक्ष अनुभव असा या विवेचनाचा क्रम आहे. अचूक निदान हे मूलतः वाहनाच्या पूर्वेतिहासाचे चिकित्सक वाचन असते, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजसंज्ञा : थरथर, लटपट, किंगपिन, संतुलन, जीप, मिस्त्री, निदान.

प्रस्तावना :

संग्रामपूर हा बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडील, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला तालुका होय. पश्चिमेस जळगाव जामोद, दक्षिणेस शेगाव आणि पूर्वेस अकोला जिल्ह्यातील तेल्हारा असा त्याचा शेजार आहे. उत्तरेकडील सोनाळा, टुनकी या भागात डोंगरउताराची जमीन, तर दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्याकडे जाताना खोल काळी कपाशीची जमीन आढळते. तालुक्यातील बहुतांश लोकांना मुंबई-नागपूर लोहमार्गावरील गाडी पकडण्यासाठी शेगाव गाठावे लागते. अशा प्रदेशात रस्ता आणि रस्त्यावरून धावणारी जुनी गाडी यांना दैनंदिन जीवनात मोठे महत्त्व असते. बाजाराला जाणारा शेतकरी, दवाखान्यात न्यावयाचा रुग्ण, परीक्षेला निघालेले विद्यार्थी या सर्वांचा भार अनेक वर्षे जुन्या जीपगाड्यांनी वाहिला आहे.

या गाड्यांत आढळणारा एक दोष फार जुना आहे. विशिष्ट वेग आला की स्टेअरिंग हातात थरथरू लागते; खड्डा लागला की पुढची चाके डावी-उजवीकडे झपाट्याने लटपटू लागतात आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ती लटपट थांबत नाही. टायर बदलले, चाकांचे संतुलन करून घेतले, तरी काही दिवसांनी दोष पुन्हा प्रकट होतो. एवढ्या परिचित दोषाचे कारण वारंवार का चुकते, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाही. ज्ञान कोणाकडे असते, ते कसे हस्तांतरित होते आणि कोणत्या परिस्थितीत लोप पावते, हा इतिहासाचाही प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. चाकांच्या लटपटीसंबंधीच्या ज्ञानाचा ऐतिहासिक विकास समजून घेणे.
२. स्वातंत्र्योत्तर काळात भारतात रूढ झालेल्या गाड्यांची रचना आणि हा दोष यांचा संबंध तपासणे.
३. मिस्त्रींच्या निदानपद्धतीमागील तर्क स्पष्ट करणे.
४. संग्रामपूर परिसरातील भौगोलिक स्थितीचा या दोषावर होणारा परिणाम पाहणे.

गृहीतक :

जुन्या गाडीतील थरथरीचे निदान चुकण्याचे कारण बहुधा साधनांचा अभाव हे नसून वाहनाच्या पूर्वेतिहासाकडे झालेले दुर्लक्ष हे असते.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रत्यक्ष निरीक्षणाची व परिसरातील मिस्त्रींशी झालेल्या अनौपचारिक चर्चेची जोड दिली आहे.

विषय विवेचन :

१. बैलगाडीच्या चाकापासून

चाकाच्या डगमगण्याचे निदान मोटारीबरोबर आपल्याकडे आले, असे समजणे योग्य ठरणार नाही. बैलगाडीच्या चाकातील तुंबा, आरे आणि धाव यांचे परस्परसंबंध गावच्या सुताराला व लोहाराला चांगले ठाऊक होते. वैशाखात लाकूड वाळून आकसले की लोखंडी धाव सैल होते आणि चाक खिळखिळे होऊन वाजू लागते. तेव्हा जाणता गाडीवान चाक पाण्यात भिजत ठेवी. लाकूड फुगले की धाव पुन्हा घट्ट बसे. आवाज कोणत्या ऋतूत सुरू झाला यावरून कारण ओळखण्याची ही रीत होती. आस झिजला आहे की तुंब्याचे भोक मोठे झाले आहे, हे चाक हाताने हलवून पाहिले जाई. पुढील काळातील मोटार मिस्त्री गाडी जॅकवर उचलून चाक वर-खाली व आडवे हलवून पाहतो, ती कृती याच परंपरेशी नाते सांगणारी आहे.

२. पाश्चात्त्य जगातील ‘शिमी’

मोटारीच्या पुढील चाकांच्या लटपटीला इंग्रजीत ‘शिमी’ हे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या, खांदे थरथरविण्याच्या एका नृत्यप्रकारावरून ते आले. १९२३ पासून अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने कमी दाबाचे, रुंद ‘बलून’ टायर प्रचारात आणले. प्रवास सुखकर झाला. परंतु मऊ टायर आणि त्याच काळात पुढील चाकांना बसविण्यात येऊ लागलेले जड ब्रेक यांमुळे लटपटीचा दोष एकाएकी सर्वत्र दिसू लागला. एक सुधारणा दुसऱ्या दोषाला जन्म देते, याचे हे बोलके उदाहरण होय.

फ्रान्समधील अभियंता जॉर्ज ब्रूलिए याने १९२५ मध्ये या विषयावर मूलभूत विवेचन केले. टायर रस्त्यावर केवळ गोल फिरत नाही, तर आडव्या बळाखाली किंचित तिरका सरकतो आणि त्यातून लटपटीला ऊर्जा मिळू शकते, हा विचार त्यातून पुढे आला. त्यानंतर मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याने १९३० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये केलेल्या प्रयोगांनी समस्येचे दुसरे अंग उघड केले. दोन्ही पुढील चाके एकाच अखंड आसावर असली की एक चाक उंचवट्यावर चढताच संपूर्ण आस तिरका होतो. वेगाने फिरणारे चाक भोवऱ्यासारखे वागते. त्याचा आस एका दिशेने कलविला तर ते दुसऱ्याच दिशेने वळू पाहते. त्यामुळे चाकाची वर-खाली हालचाल डाव्या-उजव्या हालचालीत रूपांतरित होते आणि दोन्ही हालचाली एकमेकींना खतपाणी घालतात. यावर उपाय म्हणून १९३४ च्या गाड्यांत जनरल मोटर्सने पुढील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले. पुढील काळात घरगुती मोटारींतून अखंड पुढचा आस जवळजवळ नाहीसा झाला. मालवाहू ट्रक व जीप यांमध्ये मात्र तो टिकून राहिला.

३. भारतातील तीन गाड्या, तीन रचना

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये मुंबईत प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. कुर्ला येथील या कारखान्यात १९५० च्या दशकात फियाट ११०० ही गाडी तयार होऊ लागली. तीच पुढे प्रीमिअर पद्मिनी या नावाने घरोघरी परिचित झाली. बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अम्बॅसिडर काढली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. १९५३ मध्ये तटकर आयोगाच्या शिफारशींनंतर, ज्या परदेशी कंपन्यांकडे येथे उत्पादन करण्याची योजना नव्हती त्यांना केवळ सुट्या भागांची जुळणी करणे अवघड झाले. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी भारतातील काम आवरते घेतले. परिणामी पुढील तीन दशके भारतीय रस्त्यांवर मोजक्याच गाड्या राहिल्या. १९८३ च्या डिसेंबरात मारुती येईपर्यंत या स्थितीत मोठा बदल झाला नाही.

या मर्यादेचा एक अनपेक्षित लाभ झाला. तीच गाडी, तेच भाग आणि तेच दोष दोन-तीन पिढ्यांच्या हाताखालून गेल्यामुळे मिस्त्रींकडे विलक्षण सखोल ज्ञान साठले. पद्मिनीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन व गुंडाळी स्प्रिंगा होत्या. अम्बॅसिडरला पीळ घेणाऱ्या दांड्या होत्या. जीपला अखंड आस आणि पोलादी पाट्यांच्या कमानी होत्या. त्यामुळे ‘गाडी थरथरते’ ही तक्रार एकच असली तरी पद्मिनीत मिस्त्री प्रथम बुश, चाके व ब्रेकचे ड्रम पाही, तर जीपमध्ये त्याचा हात प्रथम किंगपिनकडे जाई.

येथे शिक्षणसंस्थांचाही उल्लेख आवश्यक आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले व १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कार्यशाळेतील उमेदवारीला कायदेशीर रूप मिळाले. तथापि तालुका पातळीवरील बहुसंख्य मिस्त्री वस्तादाच्या हाताखाली, पाने उचलून देण्यापासूनच शिकले. कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका इंग्रजीत असे. वस्तादाचे ज्ञान बोलीत आणि बोटांत असे.

४. निदानाची रीत व तिच्यामागील तर्क

अनुभवी मिस्त्री गाडी उघडण्यापूर्वी ती चालवून पाहतो आणि काही ठरावीक प्रश्न विचारतो. या प्रश्नांचा क्रम तर्कशुद्ध असतो, हे पुढील विवेचनावरून लक्षात येईल.

अ) थरथर गाडीच्या वेगाशी बांधलेली आहे की इंजिनाच्या फेऱ्यांशी? मोकळ्या सरळ रस्त्यावर दोष दिसू लागला की गिअर न्यूट्रल करून गाडी क्षणभर तशीच वाहू द्यायची. थरथर कायम राहिली तर दोष चाके, आस किंवा मागील दांड्यात आहे. नाहीशी झाली तर इंजिन, क्लच किंवा इंजिनाखालील रबरी बैठकांकडे पाहावे लागते. उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वाढविल्यावरही थरथर येत असेल तर चाकांना हात लावण्याचे कारणच उरत नाही.

आ) थरथर हातात जाणवते की बैठकीत? स्टेअरिंगमध्ये जाणवणारा दोष बहुधा पुढील चाकांचा, तर बैठकीत व तळात जाणवणारा मागील चाकांचा किंवा फिरत्या दांड्याचा असतो. खात्रीसाठी पुढील चाके मागे व मागील चाके पुढे लावून पाहतात. दोष चाकाबरोबर जागा बदलत असेल तर कारण चाकातच आहे.

इ) थरथर कोणत्या वेगाला येते? येथे थोडे गणित उपयुक्त ठरते. चाकाच्या केंद्रापासून २० सें.मी. अंतरावर ३० ग्रॅम वजन जास्त आहे आणि चाकाची त्रिज्या ३० सें.मी. आहे असे मानू. ताशी ८० कि.मी. वेगाला चाक सेकंदाला सुमारे १२ फेरे घेते व ते जादा वजन सुमारे ३३ न्यूटन, म्हणजे सव्वातीन किलो वजनाइतक्या बळाने चाकाला प्रत्येक फेऱ्यात बाहेर ओढते. वेग निम्मा, म्हणजे ४० कि.मी. केला तर हे बळ निम्मे न होता एक चतुर्थांश होते. पुढील आस व टायर यांची स्वतःची नैसर्गिक कंपने साधारणतः सेकंदाला १० ते १५ या दरम्यान असतात. दोन्ही ताल जुळले की झोका वाढावा तशी थरथर वाढते आणि वेग त्याहून पुढे गेला की कमी होते. म्हणूनच असंतुलित चाकाची थरथर एका विशिष्ट वेगपट्ट्यात सर्वाधिक असते.

ई) ब्रेक दाबल्यावरच येते काय? तसे असेल तर ब्रेकचा ड्रम गोल राहिलेला नाही. केवळ जोर देताना येत असेल तर इंजिनाकडून मागील आसाकडे जाणारा दांडा व त्याचे क्रॉस तपासावेत. सतराव्या शतकात रॉबर्ट हुक याने अभ्यासलेल्या या सांध्याचा एक गुणधर्म असा की, तिरक्या कोनात फिरताना तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. दांड्याच्या दोन्ही टोकांचे सांधे परस्परांशी योग्य जुळले असतील तरच हा दोष आपोआप कटतो. दांडा उघडून पुन्हा बसविताना सरकता जोड चुकीच्या घरात बसला तर नवी थरथर निर्माण होते. त्यामुळे जाणता मिस्त्री दांडा उघडण्यापूर्वी छिन्नीने किंवा रंगाने खूण करतो.

उ) थरथर सकाळी येऊन नंतर जाते काय? जुने नायलॉनचे टायर रात्रभर उभ्या गाडीखाली किंचित चपटे होतात आणि काही किलोमीटर धावल्यावर तापून पुन्हा गोल होतात. अशा वेळी कोणताही भाग बदलण्याची आवश्यकता नसते.

ऊ) खड्डा लागल्यावर सुरू होऊन गाडी जवळजवळ थांबेपर्यंत टिकते काय? हे सर्वांत गंभीर लक्षण होय. असंतुलित चाकाची थरथर ही बाहेरून मिळणाऱ्या ठोक्यांची थरथर असते. वेग बदलला की ती कमी होते. याउलट ही लटपट स्वतःच स्वतःला पोसते. असंतुलन तिला निमित्त पुरवू शकते, परंतु ती टिकून राहते ती सांध्यांतील सैलपणामुळे. येथे किंगपिन, टाय रॉडची टोके, चाकाची बेअरिंगे, कमानीच्या पिना व बुश हे सर्व एकेक करून पाहणे अपरिहार्य ठरते.

५. काळ्या मातीचा वाटा

संग्रामपूरच्या दक्षिण भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरील रस्ता त्यामुळे लवकर लहरदार होतो. सलग येणाऱ्या उंचवट्यांवरून जाताना अखंड आसाच्या गाडीला लटपटीसाठी लागणारा पहिला धक्का पुनःपुन्हा मिळत राहतो. दुसरे कारण अधिक साधे आहे. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेल्या गाडीच्या रिमच्या आतील बाजूस चिकण माती बसते व वाळून घट्ट होते. ३० ग्रॅम जादा वजन काय करू शकते हे वर पाहिलेच. येथे तर मातीचे ढेकूळ त्याहून कितीतरी जड असते. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांनी थरथर सुरू झाली अशी तक्रार आली की परिसरातील मिस्त्री प्रथम पाण्याची नळी व खरपण्यासाठी पट्टी मागवितो. बैलगाडीच्या चाकाचा आवाज ऋतूवरून ओळखण्याची जुनी रीत येथे नव्या रूपात आढळते.

तिसरा घटक म्हणजे भार. प्रवासी वाहतुकीच्या जीपमध्ये मागील बाजूस क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसली की मागील कमानी दबतात, पुढील चाकांवरील भार कमी होतो आणि किंगपिनचा मुळातला कल बदलतो. रिकाम्या गाडीत न दिसणारा दोष भरलेल्या गाडीत दिसतो, तो यामुळे. कार्यशाळेत आणलेली गाडी मात्र रिकामी असते.

६. एक प्रत्यक्ष उदाहरण

प्रस्तुत विषयाकडे लेखक वळला तो घरच्या एका जुन्या डिझेल जीपमुळे. चारही चाकांना ओढ असलेली ही गाडी वडिलांनी वापरलेल्या स्थितीत घेतली होती. काही काळानंतर ताशी ४५ ते ५० कि.मी. वेगाला एखादा खड्डा लागताच पुढची चाके लटपटू लागली. एका रात्री वरवट बकालच्या रस्त्याने घरी परतताना स्टेअरिंग हातातून सुटले व गाडी रस्ता सोडून कपाशीच्या शेतात उतरली. आत आई व दोन लहान मुले होती. कोणालाही इजा झाली नाही. परंतु त्या दिवसापासून वडिलांनी गाडी चालविणे सोडले.

त्यानंतर एका मोठ्या शहरातील कार्यशाळेत गाडी तीनदा नेली. प्रथम चाकांचे संतुलन झाले, नंतर पुढील दोन टायर बदलले, शेवटी स्टेअरिंगला धक्के शोषणारा डॅम्पर बसविला. प्रत्येक उपायानंतर काही आठवडे गाडी बरी चाले. डॅम्परने तर दोष गेला असेच वाटले. चार महिन्यांनी तो परतला, तो अधिक जोराने.

अखेरीस तालुक्यातीलच एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘सर, हे हालनं सुरू झालं त्याच्या आंधी गाडीचं काय खोललं होतं?’’ घरात कोणालाच नीट आठवेना. वडिलांच्या जुन्या वहीत मात्र नोंद सापडली. लटपट सुरू होण्याच्या सुमारे दोन महिने आधी डाव्या पुढच्या चाकामागील गोळ्यातून तेल गळत असल्याने तेथील सील बदलले होते. मिस्त्री म्हणाले, ‘‘मंग टायर कायले बदलले, काका? तिथंच पाहू.’’ हे शब्द वडिलांना उद्देशून होते आणि वडिलांजवळ त्याचे उत्तर नव्हते.

या प्रकारच्या आसात किंगपिनच्या वर व खाली शंकूच्या आकाराची बेअरिंगे असतात. टोपणाखाली ठेवलेल्या पातळ पत्र्यांच्या चकत्यांनी, म्हणजे शिमांनी, त्यांचा घट्टपणा राखला जातो. शिमा कमी केल्या तर सांधा आवळतो, वाढविल्या तर सैलावतो. मिस्त्रींनी पुढचा आस जॅकवर घेतला, टाय रॉड सोडविला आणि कापूस वेचणीच्या वेळी वापरतात तसा लहान ताणकाटा स्टेअरिंगच्या हाताला अडकवून दोन्ही बाजू आळीपाळीने ओढल्या. उजवी बाजू वळण्यास काही किलोंचा ताण लागला. डावी बाजू काट्याचा दर्शक जेमतेम हलताच वळली. टोपण उघडल्यावर आढळले की सील बदलताना शिमा आवश्यकतेपेक्षा अधिक बसविल्या गेल्या होत्या. सैल राहिलेल्या बेअरिंगांना ठोके बसून त्यांच्या वाट्यांवर खळगे पडले होते. बेअरिंगे बदलली, शिमा काढून दोन्ही बाजूंचा ताण सारखा केला आणि डॅम्पर सोडवून ठेवून गाडी त्याच रस्त्यावर चालवून पाहिली. लटपट पुन्हा आली नाही.

आधीचे तीन उपाय पूर्णतः निरर्थक होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. चाकांचे संतुलन केल्याने निमित्त कमी झाले, नव्या टायरांनी धक्का सौम्य झाला आणि डॅम्परने लक्षण दडपले. तिन्ही उपायांनी काही काळ गुण येण्याचे कारण हेच. आणि मूळ कारण शोधण्याची निकड वाटली नाही, त्याचेही कारण हेच. दोष दडपला गेला तेव्हा बेअरिंगांची झीज आतल्या आत वाढत होती.

७. यंत्र, कायदा आणि विस्मरण

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून इलेक्ट्रॉनिक संतुलन यंत्रे व चाकांची संरेखन यंत्रे जिल्ह्याच्या व नंतर तालुक्यांच्या ठिकाणी आली. त्यांच्या अचूकतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शिशाचा पाच ग्रॅमचा तुकडा कोठे लावावा हे हाताने सांगता येत नाही. परंतु संतुलन यंत्र गाडीपासून वेगळे केलेले चाक तपासते. ते चाक ज्या सांध्यावर वळते तो सांधा यंत्राच्या दृष्टीआड राहतो. नव्या गाड्यांतील संगणक इंजिनाच्या अनेक दोषांची नोंद ठेवतो. जुन्या जीपच्या किंगपिनची नोंद ठेवणारा संगणक मात्र मालकाची वही हाच असतो.

दुसरीकडे, या गाड्यांचा काळही सरत आला आहे. कुर्ल्यातील पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास व अम्बॅसिडरचे २०१४ मध्ये थांबले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची निवृत्त झाली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रवासी व मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्र बंधनकारक केले आहे. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने जुन्या वाहनांच्या तपासणीवर अधिक भर दिला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तथापि ग्रामीण भागात जुनी गाडी टिकविणे हा हौसेचा भाग नसून आर्थिक विवशता असते. ज्या कुटुंबाला नवी गाडी परवडत नाही त्याच्यासाठी अचूक निदान हीच सुरक्षितता असते. गाड्या जातील तसे त्यांचे ज्ञानही जाईल. मात्र गाड्या पूर्णपणे जाण्याआधीच ज्ञान गेले, तर मधल्या काळात तिची किंमत प्रवाशांना मोजावी लागेल.

निष्कर्ष :

१. चाकाच्या लटपटीचे निदान ही केवळ पाश्चात्त्य तंत्रज्ञानाबरोबर आलेली विद्या नसून तिला ग्रामीण कारागिरीची पूर्वपीठिका आहे.
२. १९२० व १९३० च्या दशकांतील संशोधनाने घरगुती मोटारींच्या रचनेत बदल घडविला; जीपसारख्या वाहनांत मात्र जुनी रचना व तिचा दोष दोन्ही टिकून राहिले.
३. मोजक्याच गाड्यांच्या दीर्घ वापरामुळे भारतीय मिस्त्रींकडे विशेष ज्ञान साठले, परंतु ते लिखित स्वरूपात फारसे आले नाही.
४. संग्रामपूर परिसरात काळी माती, लहरदार रस्ते व अतिरिक्त भार हे घटक दोषाला चालना देतात. मूळ कारण मात्र बहुधा झिजलेल्या किंवा चुकीच्या बसविलेल्या सांध्यात असते.
५. लक्षण दडपणारा उपाय निदानास विलंब लावतो. दोष सुरू होण्यापूर्वी गाडीवर कोणते काम झाले, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला गेला पाहिजे. त्यामुळे प्रारंभी मांडलेल्या गृहीतकास या अभ्यासातून पुष्टी मिळते. एका उदाहरणावरून सार्वत्रिक नियम सांगता येत नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

समारोप :

इतिहासाचा विद्यार्थी कागदपत्र हाती घेतो तेव्हा ते केव्हाचे, कोणी लिहिले आणि त्यात नंतर कोणी फेरफार केले, हे प्रथम पाहतो. उपरोक्त मिस्त्रींनी गाडीला नेमके हेच प्रश्न विचारले. त्यांच्या दुकानात फलक नाही व त्यांच्या हाताखाली आता शिकाऊ मुलेही नाहीत. महाविद्यालयांनी, विशेषतः इतिहास विभागांनी व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी, आपापल्या तालुक्यातील अशा कारागिरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्यास स्थानिक इतिहासाचे एक मौलिक साधन उपलब्ध होईल. आणि प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने कोणत्या दिवशी काय उघडले व काय बसविले याची एक साधी वही ठेवावी, एवढी किमान अपेक्षा या निमित्ताने व्यक्त करावीशी वाटते. आमच्या घरी ती वही होती, म्हणून वडील पुन्हा गाडी चालवू लागले.